वर्णभेदाविरुद्धचा लढा आणि त्याचे सोयरे

वर्णभेदाविरुद्ध सामान्य लोकांनीं केलेला लढा आणि त्या लढ्याचें इतर सामाजिक लढ्यांशीं असलेलें नातें, असा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषयाचें नांव ऐकतांच आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, गोऱ्याकाळ्यांचा तंटा हा सातासमुद्रांपलीकडचा. त्याची कथा आपण आपल्या दिवाणखान्यांत बसून कां ऐकावी? ह्या प्रश्नाचें उत्तर मी भाषणाच्या शेवटीं देणार आहें. तूर्त एवढेंच सांगतों कीं, माणसाला जन्मावरून हलका ठरविण्याची विद्या ही कोणा एका देशाची मिरास नाहीं, आणि त्या विद्येवर उतारा शोधण्याची बुद्धीही कोणा एका देशाला आंदण दिलेली नाहीं. हा उतारा साध्या माणसांनीं कसा शोधला, तो शोधतांना त्यांना कोणाकोणाचें साहाय्य झालें, आणि त्यांच्याच मंडळींपैकीं कोण दाराबाहेर राहून गेलें, हें एका शहराच्या उदाहरणावरून प्रथम पाहूं.

तें शहर म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. १९५५ सालीं तेथील वस्तींत सुमारें पन्नास हजार लोक काळे होते. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन तेव्हां नव्वद वर्षें लोटलीं होतीं. परंतु शाळा निराळ्या, उपाहारगृहें निराळीं, पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धां निराळे, अशी सर्वत्र व्यवस्था होती. शहरांतील बसगाड्यांचा कायदा तर ऐकण्यासारखा आहे. पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठीं राखलेल्या असत. त्या रिकाम्या असल्या तरी काळ्या उतारूनें तेथें बसावयाचें नाहीं. मधल्या जागांवर त्यानें बसावें. परंतु गोरा उतारू उभा आहे असें दिसलें कीं, ड्रायव्हर सांगेल त्याप्रमाणें सबंध ओळ रिकामी करून द्यावी. पुढच्या दारानें चढून पैसे द्यावे, खालीं उतरावें आणि मागच्या दारानें पुन्हां चढावें, असाही प्रघात होता. आणि पैसे घेतलेला उतारू मागच्या दाराशीं पोहोंचण्यापूर्वींच बस निघून गेल्याचे प्रकार वरचेवर घडत. ह्या बसच्या चार उतारूंपैकीं सुमारें तीन उतारू काळे होते, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे व्यवस्थेचा खरा रंग दिसूं लागतो. ज्यांच्या पैशावर कंपनीचा संसार चालला होता, त्यांनाच उभें राहण्याची शिक्षा होती!

पुढील कथा पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत येते. १ डिसेंबर १९५५ रोजीं, गुरुवारीं संध्याकाळीं, रोझा पार्क्स नांवाची एक शिवणकाम करणारी बाई कामावरून घरीं चालली असतां ड्रायव्हरनें तिला उठावयास सांगितलें. ती उठली नाहीं. तिला अटक झाली. आणि देश जागा झाला. ही गोष्ट मुलांना आवडते, व ती खोटीही नाहीं. परंतु ती तेवढ्यावर सोडली तर ऐकणाराचा असा समज होतो कीं, अन्यायाचा प्रतिकार म्हणजे थकल्याभागल्या माणसाच्या मनांतून अवचित उठलेला उमाळा होय. उमाळा एका संध्याकाळपुरता पुरतो. माँटगोमेरीचें काम तीनशें एक्याऐंशी दिवस चाललें. इतके दिवस पुरेल एवढी शिदोरी कोणीतरी आधीं बांधून ठेवलेली असली पाहिजे. ती कोणीं बांधली होती?

प्रथम पार्क्सबाईंनाच घेऊं. त्या वेळीं त्यांचें वय बेचाळीस वर्षांचें होतें. काळ्या लोकांच्या उन्नतीसाठीं १९०९ सालीं निघालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या स्थानिक शाखेचें चिटणिसाचें काम त्या १९४३ पासून करीत होत्या. १९४४ सालीं त्याच राज्यांतील ॲबव्हिल गांवीं रेसी टेलर ह्या तरुण काळ्या स्त्रीवर कांहीं गोऱ्या पुरुषांनीं अत्याचार केला, तेव्हां चौकशीसाठीं पार्क्सबाई स्वतः तेथें गेल्या होत्या. म्हणजे बसमधल्या जागेच्या आधीं अकरा वर्षें, स्त्रीच्या अब्रूचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला होता. पुढें १९५५ च्या उन्हाळ्यांत त्या टेनेसी राज्यांतील हायलँडर नांवाच्या शाळेंत कांहीं दिवस राहून आल्या. ही शाळा १९३२ सालीं मायल्स हॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढली होती, आणि ती मुळांत कामगारांना संघटनेचें शिक्षण देण्यासाठीं होती. तेथें गोरे आणि काळे एका पंक्तीला जेवत. पंक्तिप्रपंच म्हणजे काय, हें महाराष्ट्रांत कोणास समजावून सांगावयास नको. त्या एका पंक्तीचें मोल काय असेल, याची कल्पना आपण सहज करूं शकतों.

दुसरे गृहस्थ ई. डी. निक्सन. हे आगगाडीच्या शयनडब्यांवर पोर्टर होते. म्हणजे उतारूंच्या शय्या घालणें, सामान उचलणें, जोडे पुसणें हें त्यांचें काम. ह्या पोर्टरांचा संघ ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखालीं १९२५ सालीं स्थापन झाला, आणि बारा वर्षें झगडून १९३७ सालीं त्यानें बलाढ्य पुलमन कंपनीला करार करावयास लावलें. ह्या संघाच्या माँटगोमेरी शाखेचे निक्सन हे अध्यक्ष. सभा कशी भरवावी, वर्गणी कशी गोळा करावी, मालकानें डोळे वटारले तर काय करावें, हा सारा अभ्यास त्यांनीं कामगार म्हणून केलेला होता. पार्क्सबाईंना जामिनावर सोडवून आणावयास हेच गेले. आणि त्यांच्याबरोबर क्लिफर्ड डर नांवाचे एक गोरे वकील व त्यांची पत्नी व्हर्जिनिया हीं दोघें होतीं.

तिसऱ्या जो ॲन रॉबिन्सन. ह्या तेथील काळ्यांच्या कॉलेजांत इंग्रजीच्या अध्यापिका. १९४६ सालीं मेरी फेअर बर्क्स यांनीं सुशिक्षित काळ्या स्त्रियांचें एक राजकीय मंडळ स्थापन केलें होतें. त्याचें अध्यक्षपद पुढें रॉबिन्सनबाईंकडे आलें. १९४९ सालीं नाताळच्या सुमारास एका ड्रायव्हरनें पुढच्या जागेवर बसल्याबद्दल त्यांचा असा पाणउतारा केला कीं, त्या रडत बसमधून उतरल्या. अपमान पुष्कळांचा होतो. परंतु ह्या बाईंनीं त्या अपमानाचें फाईल केलें. तक्रारी जमविल्या, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या, आणि मे १९५४ मध्यें शहराच्या महापौरांना पत्र लिहून कळविलें कीं, वागणूक सुधारली नाहीं तर बसवर बहिष्कार टाकण्याचा विचार अनेक संस्था करीत आहेत. पार्क्सबाईंची अटक ह्या पत्रानंतर दीड वर्षानें झाली.

तेव्हां पाहा: एकीच्या मागें स्त्रियांच्या संरक्षणाचें काम, दुसऱ्याच्या मागें कामगारसंघ, तिसरीच्या मागें सुशिक्षित स्त्रियांचें मंडळ. सरकी, सूत आणि माग हीं तिन्ही निरनिराळ्या घरीं होतीं. डिसेंबरांत त्यांचें एक वस्त्र झालें.

गुरुवारीं रात्रीं अटकेची बातमी कळतांच रॉबिन्सनबाई आपल्या कॉलेजांत गेल्या. एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी यांना हाताशीं धरून त्यांनीं सायक्लोस्टाईल यंत्रावर रातोरात हजारों पत्रकें काढलीं. कागद वांचावा म्हणून एका तावावर तोच मजकूर तीन वेळां छापून त्याचे तीन तुकडे करीत. पहाटे चारच्या सुमारास काम उरकलें; सकाळीं आठ वाजतां बाईंना वर्ग घ्यावयाचा होता, तो त्यांनीं घेतला, आणि मग मंडळाच्या स्त्रियांनीं शाळा, दुकानें, केशकर्तनालयें, कारखाने अशा ठिकाणीं तीं पत्रकें वांटलीं. सोमवार, ५ डिसेंबर रोजीं एक दिवस बसनें जाऊं नये, एवढाच मजकूर होता. त्या सोमवारीं बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धांवल्या. त्याच दिवशीं न्यायालयानें पार्क्सबाईंना दंड व खर्च मिळून चौदा डॉलर भरण्याची शिक्षा दिली, आणि त्याच सायंकाळीं एका चर्चमध्यें हजारों लोकांची सभा होऊन बहिष्कार पुढें चालविण्याचें ठरलें. त्यासाठीं स्थापन झालेल्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून एका सव्वीस वर्षांच्या नव्या धर्मोपदेशकाची निवड झाली होती. त्यांचें नांव मार्टिन ल्यूथर किंग. पुढें जगानें हेंच नांव लक्षांत ठेवलें, आणि तें योग्यच झालें. परंतु किंग यांना जी सभा मिळाली ती भरविणारे हात निराळे होते, हें विसरतां कामा नये.

पहिल्या मागण्या किती सौम्य होत्या तें ऐकून आपणांस नवल वाटेल. ड्रायव्हरांनीं सभ्यपणें बोलावें. जो आधीं येईल त्यानें आधीं बसावें, गोऱ्यांनीं पुढून आणि काळ्यांनीं मागून. आणि काळ्या वस्तींतून जाणाऱ्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावे. निराळेपणाच मोडून टाका, अशी मागणी आरंभीं नव्हतीच. एवढेंही देण्यास शहराचे अधिकारी व कंपनी तयार झाली नाहींत, तेव्हांच लढ्याचें ध्येय वाढलें. हट्टी प्रतिपक्ष हा पुष्कळदां चळवळीचा उत्तम गुरु ठरतो.

आतां तीनशें एक्याऐंशी दिवसांचा संसार कसा चालला तें पाहूं; कारण ह्या कथेचें मर्म येथें आहे. चाळीस-पन्नास हजार लोकांनीं बस सोडली, तरी कामावर तर गेलें पाहिजे. बहुतेकांचें हातावरचें पोट. त्यांतही गोऱ्यांच्या घरीं स्वयंपाक, धुणें व मुलें सांभाळणें हीं कामें करणाऱ्या बायकाच पुष्कळ. पहिल्या दिवसांत काळ्या टॅक्सीवाल्यांनीं बसच्या दरानें म्हणजे दहा सेंटांत माणसें नेलीं. शहरानें कायद्यांतील किमान भाड्याचा बडगा उगारतांच तो मार्ग बंद झाला. मग लुइझियाना राज्यांतील बॅटन रूज शहरीं १९५३ सालीं अशाच एका बहिष्कारांत वापरलेली योजना मागवून घेतली, आणि सुमारें तीनशें खासगी मोटारींची ये-जा सुरू केली. कोठें थांबावयाचें, किती वाजतां थांबावयाचें, कोणत्या मोटारीनें कोणती पेठ सांभाळावयाची, ह्याचीं वेळापत्रकें ठरलीं. चर्चच्या नांवानें नव्या गाड्या घेतल्या. विमा कंपन्यांनीं त्यांचे विमे रद्द केले, तेव्हां लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरविला. आणि जेथें मोटार पोहोंचली नाहीं, तेथें लोक चालले. थंडींत चालले, पावसांत चालले, आणि अलाबामाच्या उन्हाळ्यांतही चालले.

पेट्रोलला पैसे लागतात. ते बाहेरूनही आले. परंतु एका स्वयंपाकिणीची हकीकत मला येथें सांगितलीच पाहिजे. जॉर्जिया गिल्मोर नांवाची ही बाई एका उपाहारगृहांत कामाला होती. तिनें कांहीं बायका जमवून घरीं जेवण, केक व गोड पदार्थ करून विकण्याचा उद्योग काढला. त्याचें नांव तिनें ठेवलें ‘कोठूनही न आलेलें मंडळ’! हें नांव केवळ विनोदाचें नव्हतें. पदार्थ करणारी व घेणारी कोण, हें उघड झालें असतें तर कित्येकींच्या नोकऱ्या गेल्या असत्या. म्हणून पैसे कोठून आले, याचें उत्तर ‘कोठूनही नाहीं’ असें. १९५६ च्या मार्चमध्यें किंग यांच्यावरील खटल्यांत गिल्मोरबाईंनीं निर्भयपणें साक्ष दिली, आणि त्यांची स्वतःची नोकरी गेली. त्यांनीं आपल्या घरींच खाणावळ मांडली. मोठ्या चळवळींचा हिशेब लिहितांना व्यासपीठ, तुरुंग आणि न्यायालय यांच्या बरोबरीनें चुलीचाही रकाना ठेवला पाहिजे, तो ह्याकरितां. आपल्याकडे म्हणतात, गांव करी तें राव न करी. आणि गांवाच्या करण्याचा मोठा भाग स्वयंपाकघरांत होत असतो.

एक गंमतीची गोष्ट ह्याच सुमारास घडली. मोलकरीण आली नाहीं तर घर अडतें. म्हणून कित्येक गोऱ्या गृहिणी स्वतः मोटार घेऊन तिला आणावयास व पोहोंचवावयास जाऊं लागल्या. महापौरांनीं त्यांना जाहीर रीतीनें बजावलें कीं, ह्या तुमच्या वागण्यानें बहिष्काराला बळ मिळतें. तरी मोटारी थांबल्या नाहींत. कोणी सोयीसाठीं गेल्या, कोणी मनापासून गेल्या. परंतु घरांतलें काम कोणाच्या श्रमावर उभें आहे, हें त्या वर्षीं त्या शहराला हिशेबासह समजलें.

विरोधकही स्वस्थ बसले नव्हते. ३० जानेवारी १९५६ रोजीं किंग यांच्या घरावर बाँब पडला. पार्क्सबाईंची नोकरी गेली. फेब्रुवारींत सुमारें नव्वद कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले. हे खटले ज्या कायद्याखालीं भरले, तो मुद्दाम ध्यानांत घ्या. तो १९२१ सालचा कायदा होता, आणि त्याचा जन्म कामगारांच्या चळवळीला आळा घालण्यासाठीं झालेला होता. कामगारांसाठीं वळलेला दोर पस्तीस वर्षांनीं बसच्या उतारूंच्या गळ्यांत पडला! लढ्यांचें एकमेकांशीं नातें आहे कीं नाहीं, याविषयीं कार्यकर्ते वाद घालीत बसले तरी जुलूम करणारांना त्याविषयीं शंका नसते. ते एकच हत्यार सर्वांवर चालवितात.

शेवटीं निकाल लागला तो न्यायालयांत. चार स्त्रियांच्या नांवें दावा दाखल झाला होता: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्‌डॉनल्ड, क्लॉडेट कोल्विन आणि मेरी लुइझ स्मिथ. १३ नोव्हेंबर १९५६ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें बसमधील वेगळेपणा राज्यघटनेविरुद्ध असल्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला, आणि २१ डिसेंबर रोजीं माँटगोमेरीचे काळे नागरिक पुढच्या दारानें चढून मन मानेल त्या जागेवर बसले. त्यानंतरही बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, चर्चवर बाँब पडले. विजयाची किंमत विजयानंतरही भरावी लागते.

श्रोतेहो, येथवर कथेची उजळ बाजू झाली. परंतु ह्या चौघींपैकीं क्लॉडेट कोल्विन हिची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधीं, २ मार्च १९५५ रोजीं, ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमधील आपल्या जागेवरून उठण्यास नकार देऊन अटक करून घेती झाली होती. तरी पुढाऱ्यांनीं तिचें नांव पुढें केलें नाहीं. ती लहान, गरीब वस्तींतली. पुढें तिला अविवाहितपणीं दिवस गेले. प्रतिपक्षाला बोट दाखवावयास जागा नको, असा पुढाऱ्यांचा विचार होता, आणि त्या काळचीं वर्तमानपत्रें व न्यायालयें पाहतां त्यांत व्यवहारज्ञान होतें हें कबूल केलें पाहिजे. परंतु न्यायालयांत साक्षीला तीच मुलगी उभी राहिली, आणि सन्मानाच्या वेळीं मात्र कित्येक वर्षें तिची कोणाला आठवण झाली नाहीं. तसेंच, पत्रकें स्त्रियांनीं छापलीं, पायपीट बव्हंशीं स्त्रियांनीं केली, आणि व्यासपीठावर बोलले ते बहुतेक पुरुष. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या घरांतही एक माजघर असतें. लढ्यांचें सोयरपण आपोआप होत नाहीं. तें जोडावें लागतें, आणि जोडल्यावर पाळावें लागतें.

ह्याचा दुसरा पुरावा इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं मिळतो. तेथील बस कंपनी काळ्या व आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसे. आश्चर्य असें कीं, ह्या बंदीला कामगारसंघाच्या स्थानिक शाखेचाच पाठिंबा होता. १९५५ सालीं तिनें तसा ठरावही केला होता. बाहेरचीं माणसें आलीं तर मजुरी घसरेल, ही भीति त्यामागें होती. ज्यांनीं ‘जगांतील कामगारांनो, एक व्हा’ म्हणावयाचें, त्यांनींच दाराला आंतून कडी घातली! १९६३ सालीं गाय बेली नांवाच्या जमेकन तरुणाची मुलाखत त्याचा वर्ण कळतांच रद्द झाली. तेव्हां पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माँटगोमेरीचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून एप्रिलच्या अखेरीस बहिष्कार जाहीर केला. विद्यापीठांतील विद्यार्थी त्यांच्या बाजूनें उभे राहिले. आपल्यापैकीं क्रिकेटच्या रसिकांना लिअरी कॉन्स्टंटाइन हें नांव ठाऊक असेल. हा वेस्ट इंडीजचा थोर खेळाडू त्या वेळीं त्रिनिदादचा लंडनमधील हायकमिशनर होता, आणि त्यानेंही बंदीचा उघड निषेध केला. चार महिन्यांनीं कामगारांच्याच सभेंत बंदी उठविण्यास संमति मिळाली, आणि २८ ऑगस्टला कंपनीनें तसें जाहीर केलें. सप्टेंबरांत पहिला काळासांवळा कंडक्टर म्हणून जो कामावर रुजू झाला, तो रघबीर सिंग नांवाचा एक शीख होता. वेस्ट इंडीजच्या लोकांनीं चालविलेल्या लढ्याचें पहिलें फळ हिंदुस्थानच्या माणसाच्या हातीं पडलें. त्या कामगारसंघाच्या वारस संघानें २०१३ सालीं जुन्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली. पन्नास वर्षें लागलीं, पण मागितली.

तिसरा पुरावा मेम्फिसचा. तेथें १ फेब्रुवारी १९६८ रोजीं एकोल कोल व रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पावसापासून आसरा घेण्यासाठीं कचऱ्याच्या गाडींत शिरले, आणि तिच्या दाबयंत्रांत सांपडून मरण पावले. सुमारें तेराशें कामगारांनीं संप पुकारला. मजुरी वाढावी, संघाला मान्यता मिळावी, ह्या त्यांच्या मागण्या; परंतु त्यांनीं गळ्यांत अडकविलेल्या फलकावर पैशाचा उल्लेख नव्हता. त्यावर ‘मी माणूस आहें’ एवढेच शब्द होते. हा संप वर्णभेदाचा कीं मजुरीचा, असें विचारणें म्हणजे दुधांतलें पाणी हातानें वेगळें करूं जाणें होय. किंग त्यांच्या साहाय्यास गेले आणि ४ एप्रिल रोजीं तेथेंच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला नगरपालिकेनें संघाला मान्यता दिली व पगार वाढविला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. ह्या कथेशीं आपला संबंध काय? संबंध जुना आहे आणि दुहेरी आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले. आणि १९४६ सालीं, काळ्या अमेरिकनांच्या वतीनें संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून त्यांनीं विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलें. महाडचें चवदार तळें तेथील नगरपालिकेनें कागदोपत्रीं सर्वांस खुलें केलें होतें, पण अस्पृश्य मानलेल्यांना पाणी मिळत नव्हतें. तें २० मार्च १९२७ रोजीं लोकांनीं चालत जाऊन घेतलें, आणि न्यायालयांतला निकाल १९३७ सालीं लागला. पायीं चालणें आणि न्यायालय, हीं माँटगोमेरीचीं दोन्हीं साधनें महाडनें अठ्ठावीस वर्षें आधीं वापरलीं होतीं.

किंग १९५९ सालीं हिंदुस्थानांत आले असतां त्रिवेंद्रमच्या एका शाळेंत गेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांतील मुलें तेथें शिकत होतीं. मुख्याध्यापकांनीं पाहुण्यांची ओळख ‘अमेरिकेंतील आपलेच एक अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. किंग यांना क्षणभर धक्का बसला. परंतु विचार केल्यावर तें वर्णन अक्षरशः खरें असल्याचें आपणांस पटलें, असें त्यांनीं १९६५ सालीं एका प्रवचनांत सांगितलें. पुढें १९७२ सालीं मुंबईंत दलित तरुणांनीं ‘दलित पँथर’ काढली, ती अमेरिकेंतील ब्लॅक पँथरवरून नांव घेऊन. आणि १९७३ च्या जाहीरनाम्यांत ‘दलित’ ह्या शब्दांत भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया यांचाही समावेश केला. सोयऱ्यांची यादी अशी लिहून ठेवलेली आहे.

जात आणि कातडीचा रंग ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. रंग दुरून दिसतो. जात आडनांव विचारून काढावी लागते. परंतु दोहोंचें कार्य एकच: कोणीं कोठें बसावें, कोणत्या भांड्यांतून प्यावें, कोणतें काम कोणाच्या वांट्यास यावें, हें जन्मापूर्वींच ठरवून टाकणें. हातानें मैला साफ करविण्यास १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनीं बंदी केली. तरी गटारांत उतरलेलीं माणसें गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों, आणि तीं कोणत्या समाजांतील असतात हेंही जाणतों. मेम्फिसच्या त्या दोघांचीं भावंडें दूर नाहींत.

म्हणून, श्रोतेहो, शेवटीं आपल्या घराकडे पाहूं. मीं हें भाषण सुशिक्षित शहरी कुटुंबांसमोर करीत आहें, हें मी जाणतों. माँटगोमेरीच्या बसची कथा ऐकतांना आपण सारे मनानें पार्क्सबाईंच्या शेजारीं बसतों. परंतु आपल्यांतील पुष्कळांची खरी जागा त्या शहरांतल्या गृहिणींची आहे, ज्यांच्या घरचें धुणें, भांडीं व स्वयंपाक दुसरी कोणी बाई करून जात होती. पुण्याच्या मोलकरणींनीं १९८० सालीं संप केला. घरकामगारांच्या कल्याणमंडळाचा कायदा महाराष्ट्रांत २००८ सालीं झाला. तरीही तिच्यासाठीं निराळी कपबशी कित्येक घरीं आजही असते, आणि कांहीं उंच इमारतींत तिच्यासाठीं निराळी लिफ्टही असते. पुढचें दार आणि मागचें दार, हाच तो नियम. त्याला कायद्याचें पुस्तक लागत नाहीं.

हा नियम मोडण्यास सत्याग्रह नको कीं मिरवणूक नको. तिला ठरलेली रजा द्यावी. आजारपणांत पगार कापूं नये. तिच्या संघटनेची सभा असेल त्या दिवशीं कपाळाला आंठ्या न घालतां भांडीं आपण घांसावीं. चहा आपल्याच कपांतून द्यावा. आणि सोसायटीच्या सभेंत लिफ्टचा प्रश्न निघाला तर गप्प बसूं नये. हें लहान आहे, हें मला ठाऊक आहे. परंतु एका तावाचे तीन तुकडे करून पत्रकें कापणें हेंही लहानच काम होतें.